वर्गणी कोणी भरली? अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावाच्या करमणुकीवरच्या प्रदर्शनाच्या नोंदी

१२ जानेवारी

गावच्या जुन्या नाट्यगृहाचा, ऑपेरा हाऊसचा, दर्शनी पडदा आज पूर्ण उलगडून जोडलेल्या टेबलांवर पसरला. इतकी वर्षं तो संग्रहालयाच्या पोटमाळ्यावर गुंडाळून पडला होता. अंगचा मांजरपाट मजबूत आहे, खालच्या कडेचा लाकडी रूळही शाबूत. हे पडदे बाजूला सरकत नसत किंवा नुसते वर उचलले जात नसत. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढल्या की रूळ फिरायचा आणि पडदा खालून वर गुंडाळत जायचा.

मधोमध व्हेनिसचा कालवा आणि एक नाव. भोवती चौकटीचौकटीतून गावातल्या दुकानांच्या जाहिराती : धान्याचा व्यापारी, घोड्यांचा तबेला, शिंपी, आणि एकाच चौकटीत ‘फर्निचर व अंत्यविधी’. त्या काळी फर्निचरवालाच शवपेट्या करायचा, त्यामुळे दोन्ही धंदे एका छपराखाली असायचे. शिकागोच्या सॉसमन अँड लँडिससारख्या चित्रशाळा असे पडदे रंगवून रेल्वेने गावोगाव पाठवत. आमचा कोणी रंगवला ते त्यावर लिहिलेलं नाही.

सफाई अवघड आहे. रंग सरसात कालवलेला, पाण्याचा थेंब पडला तरी फुगतो आणि बोटाला लागून येतो. म्हणून सगळं काम कोरडं : मऊ ब्रश, जाळी लावलेला कमी ओढीचा व्हॅक्यूम आणि काजळी टिपणारा रबरी स्पंज. जुन्या रंगांत काय काय असतं याचा भरवसा नाही, तेव्हा तोंडाला मास्क. आज कालव्याच्या पाण्याचा हातभर तुकडा स्वच्छ झाला. खालचा निळा अजून इतका ताजा आहे की संग्रहालयाच्या प्रमुख बाई, वय ऐंशीच्या घरात, खुर्ची ओढून बराच वेळ त्याच्यासमोर बसल्या.

जूनमध्ये प्रदर्शन उघडायचं आहे. विषय : साधारण १८८० ते १९५५ या काळात आपलं हे हजार-दीड हजार वस्तीचं गाव संध्याकाळी काय करत असे.

१९ जानेवारी

आठवडाभर मांडणी डोक्यात घोळत होती. संगीत, नाटक, खेळ, जत्रा असे विभाग पाडले तर ते शाळेच्या वहीसारखं होतं.

रात्री बाबांशी फोनवर बोलताना पडद्याचं सांगितलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात बाबांनी गणपतीच्या वर्गणीची वही कित्येक वर्षं सांभाळली. त्यांचा पहिला प्रश्न : “पण तिथे वर्गणी कोण काढायचं?”

मी जाहिरातींचं सांगितलं. पडदा दुकानदारांच्या पैशांतून झाला, त्याच्या बदल्यात नाटक सुरू होईपर्यंत सगळ्या गावाची नजर त्यांच्या नावांवर. बाबा म्हणाले, “मग तेच लाव ना भिंतीवर. पैसे कोणी दिले, कोणी गोळा केले. कार्यक्रम काय झाला ते लोकांना आपोआप कळेल.”

मांडणी ठरली. प्रत्येक वस्तूशेजारी एकच प्रश्न : हे कोणाच्या पैशाने, कोणाच्या कष्टाने उभं राहिलं? या गावांची मजा कोणी बाहेरून आणून दिलेली नव्हती. सह्या करून, लिलाव बोलून, कर लावून घेऊन त्यांनी ती उभी केली होती. हे माझ्या मनाला फार भिडतं, आणि बघणाऱ्यालाही भिडावं अशी इच्छा आहे.

२ फेब्रुवारी

नावांची गोधडी आज काचेच्या पेटीत गेली. चर्चच्या लेडीज एड मंडळाने केलेली, पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याची. चाकासारख्या गोलात आऱ्यांवर नावं भरलेली आहेत. ही पैसे उभारण्याची रीत होती. ठरलेली रक्कम, बहुधा दहा सेंट, दिली की तुमचं नाव भरलं जाई, आणि शेवटी गोधडीचा लिलाव. पैसे चर्चच्या छपराला, शेगडीला, कधी मिशनला. जवळून पाहिलं तर टाके निरनिराळ्या हातांचे आहेत. एका बाईचा दोरा प्रत्येक अक्षराशेवटी गाठ मारतो, दुसरीचा सलग पुढे जातो. बहुतेक लग्न झालेल्या बायकांची नावं नवऱ्याच्या नावाने आहेत, तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. काम सगळं तिचं.

इथे पंडिता रमाबाईंना आणलं आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत आल्या, १८८८ पर्यंत देशभर फिरल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ मुंबईत छापून आलं. इथल्या बायकांची मंडळं, त्यांची दारूबंदीची चळवळ, सभा चालवण्याची शिस्त यांवर त्यांनी भरभरून लिहिलं आहे. गोधडीच्या पेटीशेजारी रमाबाईंचा एक छोटा फलक, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. आमच्या मराठी शाळेतली मुलं येतील तेव्हा त्यांना कळावं की आपल्याकडची एक बाई हे जग जवळून पाहून गेली आहे.

बॉक्स सोशलसाठी मुलांकडूनच डबे करून घ्यायचे. खेड्यातल्या एकखोली शाळेत हा कार्यक्रम व्हायचा. मुली-बायका पुठ्ठ्याच्या डब्यात दोघांपुरतं जेवण भरायच्या, वरून क्रेप पेपर, फिती, कागदी फुलं. डबा कोणाचा ते गुपित. पुरुषांनी बोली लावायची, जिंकणाऱ्याने डबावालीबरोबर बसून जेवायचं. मास्तरीणबाईंचा डबा कोणता हे फुटलं की पोरं मुद्दाम भाव चढवत, आणि ज्याचं तिच्यावर मन आहे त्याचा खिसा रिकामा होई. त्या पैशांतून शाळेला पुस्तकं आणि दिवे येत. ताईने फोनवर विचारलं, एखाद्या मुलीला त्या माणसाबरोबर जेवायचंच नसेल तर? प्रश्न बरोबर आहे. फलकावर तो तसाच लिहिला.

१६ फेब्रुवारी

ऑयस्टर सपर : हिवाळ्यात रेल्वेने पूर्व किनाऱ्यावरून कालवं यायची, दुधातलं त्यांचं सार करून चर्च किंवा लॉज (गावातल्या सभासदांचं बंधुमंडळ) तिकीट लावून जेवण घालायचं. समुद्रापासून हजारभर मैलांवर. एक फोटो, चार ओळी, बास.

ऑपेरा हाऊसबद्दल टिपण : जागा दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सपाट जमीन आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या, म्हणून आज नाटक, उद्या नाच, परवा शाळेचा पदवीदान समारंभ, निवडणुकीच्या वर्षी सभा. शिकागो-ओमाहा लोहमार्गावरच्या गावांना चांगल्या कंपन्या मिळत, कारण मोठ्या मुक्कामांमधली रिकामी रात्र भरून निघे. ज्या गावाला गाडी नाही, त्याला नाटक नाही.

१ मार्च

शॉटाक्वाचा, म्हणजे व्याख्यानं-संगीताच्या उन्हाळी मेळ्यांचा, विभाग हा प्रदर्शनाचा कणा होणार.

मूळ शॉटाक्वा न्यूयॉर्क राज्यातलं. लुईस मिलर आणि जॉन व्हिन्सेंट यांनी १८७४ मध्ये तळ्याकाठी रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं, त्यातून व्याख्यानं-संगीताची परंपरा उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी एकाच सुमाराला लोकांना शहाण्या माणसाचं बोलणं ऐकायची भूक लागली होती.

पण आमच्या गावापर्यंत पोचला तो फिरता शॉटाक्वा, आणि तो आयोवाचाच. सीडर रॅपिड्सच्या कीथ व्हॉटर यांनी १९०४ मध्ये वक्ते-कलाकार पुरवणाऱ्या रेडपाथ संस्थेच्या नावाने तो सुरू केला. आरंभी तोटा झाला, मग घडी बसली. युक्ती वेळापत्रकात होती. सात दिवसांचा कार्यक्रम. पहिल्या दिवसाचा वक्ता प्रत्येक गावात पहिल्याच दिवशी बोलायचा, रात्री गाडी धरून पुढच्या गावी, तिथेही पहिला दिवस. दुसऱ्या दिवसाचे गवई त्याच्या मागे एका गावाच्या अंतराने. उन्हाळाभर एकही कलाकार रिकामा बसत नसे. तंबू मात्र सातांहून जास्त लागत, कारण एकीकडे उतरवणं चालू असताना दुसरीकडे उभारणं चालू असे. ते काम कॉलेजची पोरं सुट्टीत करायची. तंबूचा रंग तपकिरी, कारण पांढरा म्हणजे सर्कस, आणि धार्मिक घरांतल्या लोकांनी सर्कशीच्या तंबूत पाऊल टाकलं नसतं.

मंचावर विल्यम जेनिंग्ज ब्रायन येत. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून पडलेले, पण त्यांचा आवाज ऐकायला शेतकरी घोडागाडी जोडून मैलोन्‌मैल यायचे. रसेल कॉनवेल यांनी आपलं एकच व्याख्यान आयुष्यात सहा हजारांहून अधिक वेळा दिलं. स्विस घंटावादक, चौघा पुरुष गायकांचे संच, जादूगार, बालसंगोपनावर बोलणाऱ्या बाई. मुलांसाठी सकाळी वेगळा कार्यक्रम.

आणि आता बाबांचा प्रश्न. कंपनीशी करार गावातल्या माणसांच्या नावावर व्हायचा. बँकर, डॉक्टर, पाद्री, दुकानदार असे लोक हमीपत्रावर सह्या करत : इतक्या रकमेची हंगामी तिकिटं विकली जातील, कमी पडलं तर आम्ही भरू. पुढच्या वर्षाच्या सह्या याच आठवड्यात, चांगल्या कार्यक्रमाने लोक खुलले असताना, मंचावरूनच मागितल्या जात. आमच्याकडे असं एक हमीपत्र आहे. सह्या शाईच्या, काही ठसठशीत, एक इतकी थरथरती की नाव लावायला वेळ लागला. तळाशी कंपनीच्या अटी बारीक छापलेल्या, आणि त्यातली प्रत्येक अट कंपनीच्या बाजूची. पावसाचा धोकासुद्धा गावाचा.

१९१९ नंतर दोन-तीन वर्षांत मक्याचा भाव निम्म्याखाली आला. तिकिटं खपेनात, सही केलेल्यांना खिशातून भरावं लागलं. एकदा पोळलेला माणूस पुन्हा सही करेना. रेडिओ, मोटार आणि बोलपट यांनी उरलेलं काम केलं. १९३० च्या आसपास हे तंबू बहुतेक मिटले. प्रमुख बाईंच्या मते फलकावर रेडिओ मुख्य कारण असावं. माझं मत हमीपत्र. दोघींनी बोलून हमीपत्र आधी, रेडिओ नंतर असं ठरवलं.

९ मार्च

शॉटाक्वाच्या विभागात आणखी एक माणूस हवाच होता : सुधींद्र बोस. बंगालचे, आयोवा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे. हिंदुस्थानावर व्याख्यानं देत तेही या मंचावर जायचे. गावाकडच्या तंबूत, पंखे हलवत बसलेल्या मका पिकवणाऱ्या लोकांपुढे, इंग्रज राजवटीबद्दल बोलणारा हिंदी माणूस. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ धरता येणार नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. त्याची झळ बोसांनाही बसली. टाळ्या देणारा देश आणि नागरिकत्व नाकारणारा देश एकच. हे दोन्ही एकाच फलकावर येईल, वेगवेगळ्या भिंतींवर नाही.

२३ मार्च

बँडस्टँडचं लाकडी प्रतिरूप तयार झालं. आठ कोनांचं, कोर्टाच्या चौकातल्या मूळ फोटोवरून.

इथे उत्तर सरळ कायद्यात आहे. १९२१ मध्ये आयोवाने बँडचा कायदा केला : मतदारांनी कौल दिला तर गावाला बँडसाठी मालमत्तेवर कर लावता येईल. त्यामागे क्लॅरिंडाचे बँडमास्तर जॉर्ज लँडर्स होते, आणि कायद्याच्या प्रचारात कार्ल किंग. किंग सर्कशीच्या बँडमधून वर आलेला, १८९१ चा जन्म, ओहायोचा. १९२० मध्ये फोर्ट डॉजला आला आणि १९७१ मध्ये मरेपर्यंत तिथला बँड वाजवत राहिला. कायद्यावर त्याने एक मार्चसुद्धा (संचलनाची धून) रचला. कर लावणाऱ्या कायद्याच्या नावाने सुरावट लिहिली जावी, यात त्या लोकांचा सगळा उत्साह दिसतो.

वादक कोण? न्हावी, टपालवाला, शाळेतला मुलगा, दाताचा डॉक्टर. उन्हाळ्यात आठवड्याची एक रात्र ठरलेली. गाड्या चौकाभोवती तोंड आत करून लावलेल्या, आणि गाणं संपलं की टाळ्यांऐवजी हॉर्न. एका आजोबांकडून हे ध्वनिमुद्रित केलं. सांगताना त्यांनी आपणहून तोंडाने हॉर्न वाजवून दाखवले, आणि तेच प्रदर्शनात ऐकवायचं ठरवलं आहे.

५ एप्रिल

माउंट प्लेझंटला गेले होते, फिरत्या तंबूनाट्याच्या संग्रहालयात. आमच्या पडद्याचे कितीतरी भाऊबंद तिथे आहेत.

तंबूनाटक कंपन्या आठवडाभर मुक्काम करत, रोज नवं नाटक. सगळ्यांचा लाडका टोबी : लाल केसांचा, तोंडभर तपकिरी ठिपके रंगवलेला, खेडवळ, भोळा वाटणारा, पण शहरी लबाडाला शेवटी तोच पकडणार. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचीच जात. त्याच्या तोंडी त्या त्या गावातल्या माणसांची, दुकानांची नावं घातलेली असत, आणि ती ऐकायला लोक पुन्हा येत. वापेलोच्या नील शॅफनर यांची कंपनी १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत आयोवा-मिसुरीत फिरली. नवरा टोबी, बायको कॅरोलाइन त्याची जोडीदार सूझी. १९३० च्या दशकातल्या मंदीत कित्येक कंपन्या बुडाल्या, हे तगले.

२० एप्रिल

आजची बैठक लांबली. विषय : वर्गणीच्या वहीत ज्यांचं नाव घेतलंच गेलं नाही ते लोक.

एका सदस्याचं म्हणणं, हे प्रदर्शन आनंदाचं आहे, त्यात हे कशाला. माझं म्हणणं असं की पैसे कोणी दिले हे विचारल्यावर दारातून कोण परत गेलं हेही विचारावं लागतं. मध्यपश्चिमेतल्या कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाला थांबायची बंदी होती. संध्याकाळची करमणूक म्हणजे अगदी तेव्हाचीच गोष्ट. इंडियानात कोकोमोला ४ जुलै १९२३ रोजी गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लॅन संघटनेने मोठा मेळा भरवला, मिरवणूक, जेवणं, शोभेची दारू, बायकामुलांसकट. बाहेरून पाहणाऱ्याला ती गावची सहल वाटली असती.

आयोवाचं स्वतःचं उदाहरणही आहे. जर्मनीशी महायुद्ध चालू असताना, २३ मे १९१८ ला, गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फतवा काढला : शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर फक्त इंग्रजी. प्रार्थनासुद्धा इंग्रजीत. जर्मन लोकांचे गायनसंघ आणि तालीमखाने, डचांची चर्चं, चेकांच्या लॉजा, सगळ्यांवर घाला. ज्या राज्यात १८९३ च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार द्वोर्झाक स्पिलव्हिलच्या चेक वस्तीत येऊन राहिला आणि तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, तेच हे राज्य. स्कॉट परगण्यात सामाईक टेलिफोन लाइनवर जर्मनमध्ये बोलल्याबद्दल शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाला. मी रोज घरी मराठी बोलते. हा फलक लिहिताना हात जड झाला होता, ते लपवायचं कारण नाही.

आणि बक्स्टन. मनरो परगण्यातलं कोळशाच्या खाणीचं गाव, १९०० च्या सुमारास कंपनीने वसवलेलं, पाच हजारांच्या आसपास वस्ती, त्यात बराच काळ निम्म्याहून अधिक काळे. सारख्या कामाला सारखी मजुरी, एकत्र शाळा. काळ्या खाणकामगारांसाठी तीन मजली वायएमसीए (ख्रिस्ती तरुण संघाची इमारत). बेसबॉलचा बक्स्टन वंडर्स संघ. इथे पैसा खाण कंपनीचा, म्हणून खाणी सरल्या तसं गावही सरलं. आज तिथे शेतं आहेत. पण आयोवाच्या गावात वेगळं जमू शकत होतं याचा पुरावा म्हणून बक्स्टनला मी अख्खी भिंत मागितली. मिळाली. विरोध करणाऱ्या सदस्यानेच त्याच्या घरच्या पेटीतला बेसबॉलचा जुना हातमोजा मांडायला दिला.

४ मे

शनिवारच्या रात्रीचा कोपरा. प्रमुख बाईंची आठवण इथे आवाजात आहे.

शेतकरी कुटुंब दुपारीच गावात यायचं. अंड्यांचा खोका तीस डझनांचा, सायीचे कॅन. विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये स्निग्धांश मोजायची सोपी चाचणी शोधली, तिच्यामुळे सायीचं मोल तिथल्या तिथे ठरे आणि चेक हातात पडे. त्याच चेकवर साखर, कापड, बूट आणि पोरांना एकेक नाणं. दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी. बायका गाडीत बसून पदपथावरची ये-जा बघत, एकीच्या गाडीतून उठून दुसरीच्या गाडीत जात. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दहातल्या एका शेतघरातच वीज होती, तेव्हा गावच्या चौकातले दिवे हेच एक आकर्षण. मंदीच्या काळापासून भिंतीला पांढरं कापड ताणून फुकट सिनेमा दाखवत. फुकट म्हणजे दुकानदारांच्या खर्चाने, गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाऊ नये म्हणून.

प्रमुख बाई म्हणाल्या, “वडील फळीवर बसायचे, आई आमच्या डोक्यावरून शाल घ्यायची, आणि सिनेमाचा शेवट मी कधीच पाहिला नाही. झोपलेली असायचे.” हे वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

१८ मे

मुलींचा सहाजणींचा बास्केटबॉल. आयोवात राज्यस्पर्धा १९२० पासून, हा प्रकार १९९३ पर्यंत. तिघी फक्त हल्ला करणार, तिघी फक्त बचाव, मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. लहान गावांच्या शाळांनीच हा खेळ उचलून धरला. मोठ्या शहरांच्या शाळा बराच काळ लांब होत्या. गावचा संघ राज्यस्पर्धेसाठी राजधानी डे मॉइनला गेला की दुकानांना कुलूप. प्रदर्शनातला हा एकच विभाग असा, जिथे शेकडो लोक तिकीट काढून मुलींचा खेळ बघायला जमत. गणवेश दोन मिळाले, एक साटीनचा.

डेव्हनपोर्टचं डब्ल्यूओसी दूरदर्शन केंद्र १९४९ मध्ये सुरू झालं. त्यानंतर शनिवारच्या चौकाचं काय झालं ते सांगायला फक्त दोन फोटो लावले आहेत, तारखांसकट.

१ जून

पडदा टांगला. रूळ फिरवायचा नाही, वजन तोलायला वरून वेगळी पट्टी शिवली. प्रकाश मंद, रंगासाठी.

राहिलेली कामं : हमीपत्रावरच्या सह्यांची यादी मोठ्या अक्षरांत, म्हणजे इथल्या घरांना आपले पणजोबा सापडतील. मराठी शाळेच्या मुलांचे डबे शनिवारी पोचतील. गोधडीवरच्या नावांपैकी ज्या बायकांचं स्वतःचं नाव चर्चच्या नोंदवहीत सापडलं, ते शेजारी छापून घेतलं आहे. उरलेल्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, पेन्सिल दोरीला बांधून. ज्याला आपल्या आजीचं नाव माहीत असेल त्याने लिहावं.

प्रमुख बाईंनी पहिलं नाव आजच लिहिलं.

बाबांना फोटो पाठवले. त्यांचा निरोप : खर्चाचा हिशोबही लाव भिंतीवर. लावला आहे, दाराजवळ, या प्रदर्शनाला ज्यांनी पैसे आणि दिवस दिले त्या सगळ्यांच्या नावांसकट.